ओरडली तर आक्रस्ताळी, गप्प बसली तर दणकट

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा सावकाश वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देते आहे. वाक्यं बोलल्यासारखीच ठेवली आहेत, त्यामुळे वाचताना माझा आवाज ऐकू आला तर तो तुमचा दोष नाही!

आजचा विषय आहे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. वर्तमानपत्रं, सिनेमा, टीव्ही त्यांना कसं रंगवतात, आणि हे रंगवलेलं चित्र दवाखान्याच्या खाटेपर्यंत पोचलं की काय होतं, याबद्दल मी बोलणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा विषय मराठीत कशाला? त्याचं एक उत्तर दीडशे वर्षं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी कष्ट घेतले. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला अटलांटिकपलीकडची ती लढाई आपली वाटली होती. दुसरं उत्तर आजचं आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांत आज कितीतरी मराठी डॉक्टर आणि नर्स काम करतात. हा विषय त्यांच्या रोजच्या राउंडचा आहे.

तर सुरुवात एका व्यंगचित्रापासून करू.

८ सप्टेंबर २०१८. न्यूयॉर्कमध्ये यूएस ओपनची महिलांची अंतिम लढत. एका बाजूला सेरेना विल्यम्स, दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची नाओमी ओसाका. पंच कार्लोस रामोस यांनी सेरेनाला आधी प्रेक्षकांतून प्रशिक्षकाची मदत घेतल्याबद्दल ताकीद दिली. मग तिनं रॅकेट आपटली, म्हणून एक गुण गेला. मग तिनं पंचांना चोर म्हटलं, म्हणून अख्खा गेम गेला. सामना ओसाका जिंकली आणि सेरेनाला १७,००० डॉलर दंड झाला. पंचांनी नियमावर बोट ठेवलं, आणि सेरेनाच्या प्रशिक्षकांनीही नंतर कबूल केलं की आपण इशारे करत होतो. तेव्हा निर्णय बरोबर की चूक, यावर टेनिसच्या जाणकारांनी खुशाल वाद घालावा. मला त्यात आज पडायचं नाही.

मला बोलायचं आहे ते दोन दिवसांनी आलेल्या चित्राबद्दल. मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’मध्ये मार्क नाइट यांचं व्यंगचित्र छापून आलं. सेरेना मोडक्या रॅकेटवर थयथयाट करते आहे. शरीर अवाढव्य, ओठ जाडजूड फुगवलेले, जमिनीवर लहान बाळाची चोखणी पडलेली. मागे पंच एका सडपातळ, गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुलीला विचारतात आहेत की, तू तिला जिंकू देशील का? ही मुलगी म्हणजे ओसाका म्हणे! ओसाकाचे वडील हैतीचे, आई जपानी. तिचा सावळा रंग चित्रातून गायब झाला, आणि सेरेनाचा मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णद्वेषी पोस्टरमधून उचलून आणल्यासारखा दिसला. जगभर गदारोळ झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रेस कौन्सिलनं निर्णय दिला की चित्रानं कोणतंही मानक मोडलेलं नाही, तिच्या वागण्यावरची ती अतिशयोक्ती होती.

आता जॉन मॅकेन्रो आठवा. पंचांवर ओरडणं ही त्यांची ओळखच होती. त्यांनाही दंड झाले, १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधून तर त्यांना बाहेर काढलं होतं. म्हणजे पुरुषाला शिक्षाच होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण मॅकेन्रोंचा राग पुढे गंमतीचा विषय झाला, त्यावर जाहिराती निघाल्या. तो एका माणसाचा स्वभाव ठरला. सेरेनाचा राग मात्र एका जातकुळीचा राग ठरला. फरक इथं आहे.

आणि हे काही २०१८ ला सुरू झालं नाही. २०१४ मध्ये रशियाच्या टेनिस संघटनेचे प्रमुख टीव्हीवर सेरेना आणि व्हीनस या बहिणींना ‘विल्यम्स ब्रदर्स’ म्हणाले होते. महिला टेनिस संघटनेनं त्यांना २५,००० डॉलर दंड आणि वर्षभराची बंदी घातली. विनोद काय होता? की या बायकाच नाहीत. एवढी ताकद आहे म्हणजे बाई कशी असेल? वंश आणि बाईपण, दोन्हीवर एकाच वेळी मारलेला हा टोमणा. अशा खास तिरस्काराला मोया बेली या अभ्यासिकेनं २०१० च्या सुमाराला ‘मिसोजिनॉयर’ असा शब्द घडवला. गोऱ्या बाईला हा वाट्याला येत नाही, काळ्या पुरुषालाही या रूपात येत नाही.

हे चित्र आलं कुठून? अमेरिकी करमणुकीच्या धंद्यात कृष्णवर्णीय बाईसाठी फार मोजके साचे होते. त्यातले दोन बघू.

पहिला साचा ‘मॅमी’चा. जाडजूड, हसतमुख, डोक्याला फडकं बांधलेली, मालकाची मुलं वाढवणारी दाई. तिला स्वतःचं घर नाही, स्वतःचं दुखणं नाही. ‘गॉन विथ द विंड’मध्ये ही भूमिका हॅटी मॅकडॅनियल यांनी केली आणि २९ फेब्रुवारी १९४० ला ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती ठरल्या. पण समारंभ ज्या हॉटेलात होता, तिथं कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी खास परवानगी काढावी लागली, आणि बसवलं कुठं? सहकलाकारांच्या टेबलापासून लांब, वेगळ्या टेबलावर. त्याआधी डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ झाला, तिथं तर त्यांना जाताच आलं नाही. पडद्यावर मालकिणीचे कपडे आवरणारी बाई चालते, शेजारच्या खुर्चीत चालत नाही. यानंतर अभिनयासाठी दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला ऑस्कर मिळायला १९९१ उजाडलं. तेव्हा तो व्हूपी गोल्डबर्ग यांना मिळाला.

दुसरा साचा ‘सफायर’चा. ‘एमॉस अँड अँडी’ या तुफान लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात, आणि पुढे टीव्हीवरही, सफायर नावाची बायको होती. सदा नवऱ्यावर खेकसणारी, तोंडाळ, कजाग. लोक पोट धरून हसायचे. तिथून ‘सफायर’ हे नाव कोणत्याही आक्रस्ताळ्या काळ्या बाईला चिकटलं. मेलबर्नचं ते व्यंगचित्र याच सफायरचं नवं रूप आहे.

आता दोन्ही साचे शेजारी ठेवून बघा. मॅमी सगळं सोसते, तिला काही दुखत नाही. सफायर सतत तक्रार करते, म्हणून तिची तक्रार मनावर घ्यायची नाही. म्हणजे गप्प बसलीस तर तू दणकट, बोललीस तर तू कटकटी. मधली जागाच नाही. एका साध्या बाईला दुखतं आहे, आणि ती खरं सांगते आहे, एवढी साधी शक्यता या दोन साच्यांत बसत नाही.

आणि ही गोष्ट जीवावर बेतते. कशी, ते सांगते.

त्या वादग्रस्त सामन्याच्या एक वर्ष आधी, १ सप्टेंबर २०१७ ला, सेरेनाला मुलगी झाली. कळांच्या वेळी बाळाचे ठोके कमी होऊ लागले म्हणून तातडीनं सिझेरियन करावं लागलं. ते नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी तिला दम लागायला लागला. सेरेनाला हे नवं नव्हतं. २०११ मध्ये तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून ती मरता मरता वाचली होती. आपल्या शरीराची भाषा तिला पाठ होती. तिनं नर्सला सांगितलं, मला सीटी स्कॅन हवा आहे आणि रक्त पातळ करणारं औषध, हेपारिन, लगेच सुरू करा. रोगाचं नाव, तपासणीचं नाव, औषधाचं नाव, सगळं तिनं स्वतः सांगितलं! नर्सला वाटलं, दुखणं थांबवणाऱ्या औषधांमुळे ही गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली. त्यात काही सापडलं नाही. तिनं पुन्हा पुन्हा सांगितल्यावर सीटी स्कॅन झाला. फुप्फुसात लहान लहान गुठळ्या होत्याच. तोवर खोकून खोकून सिझेरियनची जखम उघडली होती, पोटात रक्त साचलं होतं. आणखी शस्त्रक्रिया झाल्या, आणि घरी आल्यावर सहा आठवडे ती अंथरुणाला खिळून होती.

हे सगळं तिनं स्वतः पुढे जाहीरपणे सांगितलं, लिहिलं. तेव्हा ती २३ ग्रँड स्लॅम जिंकलेली, जगातली सगळ्यात ओळखीची खेळाडू होती. पैसा होता, नाव होतं, उत्तम डॉक्टर होते, शेजारी होणारा नवरा होता. तरी पहिल्यांदा सांगितल्यावर तिच्यावर विश्वास बसला नाही. त्या नर्सच्या मनात काय होतं, ते मला माहीत असण्याचं कारण नाही. एका प्रसंगावरून कुणाच्या माथी वर्णद्वेष मारू नये, हे बरोबर. म्हणून एका प्रसंगावर थांबायचं नाही. आकडे बघू.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, २०२३ चे आकडे असे आहेत. दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५. कृष्णवर्णीय मातांचे ५०.३. जवळजवळ साडेतीन पट! एकाच देशात, एकाच वर्षी. आणि ब्रिटनमध्ये, जिथं सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळतात, तिथल्या अहवालांतही वर्षानुवर्षं मोठा फरक दिसतो आहे.

कुणी म्हणेल, गरिबी असेल, शिक्षण कमी असेल. तो भाग आहेच. पण न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं २००८ ते २०१२ मधल्या बाळंतपणांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की कॉलेजची पदवी असलेल्या कृष्णवर्णीय बाळंतिणींमध्ये जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंतीचं प्रमाण, शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाळंतिणींपेक्षा जास्त होतं. पदवी हे कवच होईल अशी आशा असते, पण तसं झालेलं दिसत नाही.

धडधाकट शरीर तरी कवच होतं का? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिलांनी ४ बाय १०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं. चौघीही कृष्णवर्णीय. पैकी अॅलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये गरोदरपणात रक्तदाबाचा गंभीर विकार झाला, ३२ व्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं. टियाना मॅडिसनला २०२१ मध्ये २६ व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात जाताना आपण मृत्युपत्र बरोबर नेलं होतं, असं तिनं नंतर लिहिलं. बाळंतपणाला निघालेली बाई बॅगेत बाळाच्या टोपड्यांबरोबर मृत्युपत्र घेते! आणि शेवटचा टप्पा धावणारी टोरी बोवी २०२३ मध्ये, आठ महिन्यांची गरोदर असताना, आपल्या घरी एकटी मरण पावली. वय ३२. बाळही गेलं. शवविच्छेदनात झटक्यांचा आणि श्वासाच्या त्रासाचा संभव नोंदवला गेला. तिच्या बाबतीत कुणी ऐकलं नाही, असं म्हणता येणार नाही, कारण त्या वेळी शेजारी कुणीच नव्हतं. पण चौघींपैकी तिघी! जगातल्या सगळ्यात तंदुरुस्त बायका!

मग हा अविश्वास वैद्यकशास्त्रात शिरला कधी? त्यासाठी मागे अॅलाबामातल्या माँटगोमेरी गावात जावं लागेल. १८४५ ते १८४९ या काळात तिथं जे. मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर फिस्टुलावर शस्त्रक्रिया शोधत होता. फिस्टुला म्हणजे बाळंतपण अडल्यामुळे मूत्राशय आणि योनिमार्गाच्या मध्ये पडणारं भोक. लघवी सतत गळत राहते, फार वाईट दुखणं. शस्त्रक्रिया त्याला सापडली, आणि पुढे त्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटलं गेलं. पण प्रयोग केले ते गुलाम स्त्रियांवर, ज्यांच्या संमतीला कायद्यात अर्थच नव्हता. आणि भूल न देता. त्यांतल्या तिघींची नावं इतिहासात उरली: अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर जवळजवळ तीस शस्त्रक्रिया झाल्या. या बायकांना दुखणं सोसवतं, असा तेव्हाचा सोयीस्कर समज होता. सोयीस्कर का, तर शेतात राबवायचं, फटके मारायचे आणि मुलं विकायची, तर यांना आपल्यासारखं दुखत नाही हे मानणं मालकांना भागच होतं.

हा समज गुलामगिरीबरोबर संपला का? २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली आणि खरं की खोटं ते विचारलं. उदाहरणार्थ, काळ्या माणसाची कातडी गोऱ्यापेक्षा जाड असते. साधारण निम्म्यांनी अशांपैकी निदान एक तरी खोटं विधान खरं मानलं. आणि ज्यांनी मानलं, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाचं दुखणं कमी धरलं, उपचारही कमी योग्य सुचवले. ही मुलं दुष्ट नव्हती हो! शिकलेली, परीक्षा पास झालेली मुलं होती. त्यांना कुणी वर्गात बसवून हे शिकवलं नव्हतं, ते हवेतून आलं. सिनेमातून, विनोदातून, व्यंगचित्रातून. म्हणून मी म्हणते, ‘एक चित्रच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं’ हे म्हणणं मला पटत नाही. चित्र वर्तमानपत्राच्या पानावर राहत नाही. ते रात्रपाळीच्या डॉक्टरबरोबर वॉर्डात जातं.

आता काय करायचं? नुसते आकडे सांगून तुमचा दिवस खराब करायचा माझा हेतू नाही. एक चांगली गोष्टही सांगते.

बाळंतपणात रक्तस्राव किती झाला, हे पूर्वीपासून डोळ्यांनी बघून ठरवायची पद्धत. अंदाजपंचे! आणि अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो. कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांनी एकत्र येऊन नियम बदलला. रक्तानं भिजलेले कपडे आणि पॅड वजन करायचे. रक्तस्रावासाठी लागणारं सगळं सामान एका ट्रॉलीत तयार ठेवायचं. अमुक इतकं रक्त गेलं की अमुक पाऊल उचलायचं, मग बाळंतीण कोणीही असो. परिणाम असा की रक्तस्राव झालेल्यांमधल्या गंभीर गुंतागुंती सगळ्याच बायकांत घटल्या, आणि कृष्णवर्णीय बायकांत जास्त घटल्या. फरक पूर्ण मिटला नाही, पण कमी झाला. मला यातलं मर्म असं वाटतं: जिथं अंदाज असतो तिथं साचा शिरतो. जिथं माप असतं तिथं त्याला शिरायला जागा कमी उरते. तराजूला समोरची बाई मॅमी आहे की सफायर, हे कळत नाही.

अर्थात मापयंत्रही माणसानंच बनवलेलं असतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवतो ना? २०२० मध्ये अमेरिकेत दिसून आलं की शरीरातला ऑक्सिजन कमी झालेला असूनही यंत्र ठीक दाखवतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा होतं. गडद त्वचेतून प्रकाश कसा जातो, याचा विचार बनवताना पुरेसा केलेला नव्हता. तेव्हा माप हवं, पण ते कुणाच्या शरीरावर पारखून घेतलं, हेही विचारायला हवं.

सीडीसी सांगते की अमेरिकेतले पाचांपैकी चार मातामृत्यू टाळता येण्यासारखे असतात. म्हणजे उपाय माहीत आहे, तो वेळेवर पोचत नाही. आणि वेळ जाते ती बऱ्याचदा पटवून देण्यात.

आपल्यापुरतं काय? अमेरिकेतल्या दवाखान्यात काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगते, पेशंट ‘जरा जास्तच करते आहे’ असं मनात आलं की त्या क्षणी थांबून एक तपासणी जास्त करा. इथं बसलेल्यांनी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपकडे बघावं. आपल्याला राग दाखवायचा असला, डोळे फिरवायचे असले, हात नाचवून भांडायचं असलं की आपण कोणाचं जीआयएफ पाठवतो? बरेचदा एखाद्या कृष्णवर्णीय बाईचं. तिचं नाव आपल्याला माहीत नसतं, आणि ती मुळात कशाबद्दल बोलत होती तेही नसतं. सफायर आपल्याही फोनमध्ये आहे.

जाता जाता एक. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ होता. एप्रिल २०१८ मध्ये तो तिथून हलवला. आणि २०२१ मध्ये माँटगोमेरीत, जिथं ते प्रयोग झाले त्याच गावात, मिशेल ब्राउडर या कलावतीनं भंगारातल्या धातूच्या वस्तू जोडून तीन उंच स्त्रिया उभ्या केल्या. अनार्का, बेट्सी, लूसी. शिल्पाचं नाव ‘स्त्रीरोगशास्त्राच्या माता’. जनकाचं नाव पुस्तकात होतंच, मातांची नावं आता रस्त्यावरून दिसतात. हे शिल्प सरकारनं किंवा दवाखान्यानं नाही, एका कृष्णवर्णीय बाईनं उभं केलं. माझ्या मते ते त्या व्यंगचित्राला दिलेलं उत्तर आहे, मागितल्याशिवाय दिलेलं.

या विषयावर तुमचे अनुभव असतील, विशेषतः तिकडे नर्सिंग किंवा डॉक्टरकी करणाऱ्यांचे, तर जरूर कळवा. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं लिहा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार, काळजी घ्या.